गव्हात उमटलेली घरे

कुसुमताईंची आणि माझी पहिली भेट पाण्याच्या टाकीवर झाली. वर्ध्याच्या महाविद्यालयात मी भूगोल शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. इतिहासाच्या विभागप्रमुख कुसुमताई कुठे आहेत असे विचारले, तेव्हा शिपायाने हसत देवळीकडच्या एका गावाचे नाव सांगितले. गेलो, तर ताई गावच्या टाकीच्या शिडीवरून शेतांकडे पाहत होत्या. त्यांनी मलाही वर बोलावले.

"काय दिसतं?"

"गहू," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. जमिनीखाली जुना खड्डा असेल तर तिथे ओल टिकते, पीक हिरवे राहते. खाली दगड किंवा चोपलेली जमीन असेल तर ते लवकर पिवळे पडते, हे त्यांनी शांतपणे समजावले. मग हिरव्या गव्हात मला फिकट गोल दिसू लागले. लेखन माहीत नसलेल्या, फार जुन्या काळच्या माणसांची ती घरे असावीत, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे त्यांनी अनेक वर्षे एकटीने सांभाळले. स्टाफरूममध्ये "ताईंची गोल घरं" हा थट्टेचा विषय होता. ताई ऐकत आणि डबा उघडत. आईच्या निधनानंतर सिंदी मेघेच्या घरात त्या एकट्याच राहत. तरी माझी पत्नी आजारी असताना रोज संध्याकाळी आमच्याकडे खिचडी घेऊन येणाऱ्या त्याच होत्या. फार बोलत नसत, बसून राहत. त्या बसण्याचा आम्हाला मोठा आधार वाटे.

एका हिवाळ्यात पाणी कमी होते आणि गोल कधी नव्हे इतके स्पष्ट उमटू लागले. ताईंनी पुरातत्त्वाच्या अधिकाऱ्यांना बोलावले. ते पुढच्या आठवड्यात येणार होते. त्याच वेळी कालव्याला पाणी आले. शेताचे मालक नामदेवराव ताईंना म्हणाले, "ताई, मी पाणी थांबवतो. सायेब येऊन पाहून जाऊ द्या."

"काऊन थांबवता? गहू वाळून राह्यला. आजच पाणी द्या."

"मंग तुमचं काम?"

"माझं राहू द्या."

नामदेवरावांनी पाणी दिले. अधिकारी आले तेव्हा शेत सगळीकडे सारखे हिरवे होते. ताईंनी काढलेले फोटो त्यांनी चाळले, चहा घेतला आणि निघून गेले. ताई बांधावर उभ्या राहिल्या. परतताना त्यांनी एवढेच विचारले, "गहू सावरेल ना?" गहू सावरला. पण त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत कुणी अधिकारी तिकडे फिरकले नाहीत.

अलीकडे नामदेवरावांनी त्या शेतात कोरडवाहू हरभरा घेतला. एका सकाळी त्यांचा फोन आला, "ताई, येजा. दिसून राह्यलं." या वेळी तरुण संशोधकांनी वरून फोटो घेतले, परवानगी मिळवली आणि पीक निघाल्यावर खणले. चोपलेली जमीन निघाली, खांबांचे खळगे निघाले, राखेसकट एक चूल निघाली. मीही ताईंबरोबर गेलो होतो. सगळे फोटो काढत होते. ताईंनी चपला काढल्या आणि मगच त्या खाली उतरल्या. "कोणाचं तरी घर आहे," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, "आई असती तर घरी जाऊन सांगितलं असतं. आता कोणाला सांगू?"

"मला सांगा."

"तुम्ही तर तिथेच होता."

घरापर्यंत सोडायला गेलो, तर त्यांनी कुलूप काढले, आतला दिवा लावला आणि "या आता" म्हणत मला निरोप दिला. मी मात्र आत जाऊन बसलो. मग त्यांनी चहा टाकला आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. मी जणू तिथे नव्हतोच, असे ऐकले.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, पायांत बांध चढण्याची ताकद राहावी. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: सिंदी मेघेला गेलात, तर त्यांच्याकडे थोडे बसून या.