या नावाची कोणी राहत नाही

आमच्याकडे नवी सून घरात आली की तिचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटून सांगायचं, आजपासून ही अमुक. माझंही लिहिलं. बायका ताटावर वाकून म्हणाल्या, किती गोड नाव आहे वं! मला कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला, तो मी पोटभर खाल्ला. नाव मात्र पचलं नाही.

माझं नाव वडिलांनी ठेवलेलं. नरखेडकडच्या आमच्या गावात मुलीला शाळेत घालायला मास्तर नाही नाही म्हणत होते, तेव्हा वडील संत्र्याच्या बागेतून चिखलाच्या पायांनी तसेच शाळेत गेले आणि समोर उभं राहून त्यांनी ते हजेरीत लिहून घेतलं. त्या नावाला 'हजर' म्हणत म्हणत मी मॅट्रिक झाले, पुढे नागपूरला राहून एमएस्सी झाले. ते मी ताटभर तांदळासाठी टाकून देऊ? हट्!

सासरी भांडण मात्र केलं नाही. गांधीबागेच्या मागच्या गल्लीतलं घर, सासरे कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात. नव्या नावाने कोणी हाक मारली की मी ओ द्यायची नाही, एवढंच. सासूबाई दोनतीनदा हाका मारायच्या आणि मग म्हणायच्या, "बहिरी झाली का वं?"

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं. संत्र्याच्या झाडांचे रोग शिकायचे होते, शिष्यवृत्तीही त्यांचीच. लग्नाआधी नवऱ्याने पुढे शिकू देण्याचा शब्द दिला होता, तो त्याने पाळला. सासऱ्यांनी सुद्धा हो म्हटलं, कारण गल्लीत कोणाचीच सून परदेशी गेलेली नव्हती. आता व्हिसासाठी कागद जमवायचे होते. प्रवेशपत्र, पदव्या, गुणपत्रिका सगळं माझ्या नावाचं होतं. पासपोर्ट तेवढा अजून काढायचा होता. त्याचा अर्जही मी माझ्याच नावाने भरला, माहेरच्या आडनावासकट, आणि पत्ता सासरचा दिला.

चौकशीला पोलीस आला तेव्हा मी कॉलेजात शिकवत होते. सासूबाई दारात गहू निवडत बसल्या होत्या. त्याने कागद बघून आडनावापासून सुरुवात करून नाव वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "नाही गा, या नावाचं कोणी नाही राहत इथं. पलीकडच्या गल्लीत जाऊन पाय." बिचाऱ्याला पाणीही पाजलं. तो गेला, आणि दीड महिन्याने मुंबईच्या पासपोर्ट कचेरीतून अर्ज परत आला. शेरा होता: अर्जदार या पत्त्यावर राहत नाही.

मी तो कागद सासूबाईंपुढे धरला. त्यांना आधी काही समजेना. मग म्हणाल्या, "मले काय माहीत तो तुलेच विचारून राहिला! ते आडनाव आपलं नाही, ते नाव आपलं नाही." खोटं बोलल्या नव्हत्या त्या. लग्नपत्रिकेवर एकदा वाचलेलं नाव त्या विसरूनही गेल्या होत्या. त्यांच्या घरात ती मुलगी खरंच राहत नव्हती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला.

फेरचौकशीचा अर्ज केला. विद्यापीठाने कळवलं होतं, वर्ग सुरू व्हायच्या आत या, नाहीतर जागा दुसऱ्याला. सासऱ्यांना यात आपलं कसब दाखवायची संधी दिसली. कोर्टातून स्टँपपेपर टाइप करून आणला. पूर्वीची अमुक ती मी यापुढे कायमची तमुक, पासपोर्ट नव्या नावाने द्यावा.

"सही कर," म्हणाले. "साहेब ओळखीचे आहेत. आठ दिवसांत काम होते."

"सही कोणत्या नावाने करू मामाजी?" मी विचारलं. "जे राहणार आहे त्या, की जे मरणार आहे त्या?"

"बोलाची कढी पुरे. इतक्या बायकांची नावं बदलली, कोणी मेलं का? अन् पदव्यांवरचं बदलता येते मागून."

"पदव्या मी मिळवल्या. तांदळावरच्या नावाने एकही पेपर लिहिला नाही."

नवरा कोराडीहून आला, कॉलरवर कोळशाची राख तशीच. दोघांची तोंडं बघून म्हणाला, "मला दोन्ही नावं आवडतात."

"मग एक तूच घे," मी म्हटलं.

स्टँपपेपर देव्हाऱ्याजवळ पडून राहिला. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्या दिवसांत सासूबाईंनी नावाने हाक मारायचंही बंद केलं होतं. काम असलं की "ऐकतेस का" म्हणायच्या.

तोच पोलीस पुन्हा आला, तो रविवारी. सासरे बैठकीत पेपर वाचत होते. मी आत कणीक मळत होते. त्याने नाव विचारलं. आता सासऱ्यांना ते पक्कं माहीत होतं. मी कान टवकारले.

"मागच्या वेळीच सांगितलं ना," सासरे म्हणाले. "या नावाची कोणी राहत नाही."

मी तशीच बाहेर आले, कोपरापर्यंत कणीक. "मी राहते. ती मीच."

"ही आमची सून," सासरे शांतपणे म्हणाले. "हिचं नाव वेगळं आहे. गल्लीत कोणालाही विचारा."

आणि गल्लीने काय सांगितलं असतं? पेढे खाल्लेले सगळ्यांनी! पोलीस एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. "बाई, तुम्ही स्वतःच सांगून नाही चालत ना. घरातलं कोणीतरी सांगाले पाहिजे," म्हणाला आणि कागदाची घडी करायला लागला. आता पुन्हा तोच शेरा, आणि गेली अमेरिका.

तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. पदर डोक्यावर, हात ओले. "थांब गा," म्हणाल्या. "लिही. हीच ते. आमची सून हाये, इथंच राहते. मागच्या खेपेस मी चुकली." आणि माझं नाव घेतलं त्यांनी. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एका दमात. कधी पाठ केलं होतं कोण जाणे.

"तुम्ही आत जा," सासरे म्हणाले.

"जातो. सही करून जातो," सासूबाई म्हणाल्या.

पोलिसाने पेन उघडलं. "तुमचं नाव सांगा काकू."

सासूबाईंनी एक नाव सांगितलं. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. घरात, देवळात, हळदीकुंकवाला, सगळीकडे त्यांना दुसऱ्याच नावाने ओळखत. सासऱ्यांच्या हातातला पेपर खाली आला.

"हे कोणाचं नाव?" पोलिसाने विचारलं. "राशनकार्डावर हेच आहे का?"

"राशनकार्ड यांचं हाये," सासऱ्यांकडे न बघता सासूबाई म्हणाल्या. "नाव माझं हाये."

पोलिसाने ते नाव लिहिलं, कंसात राशनकार्डावरचंही लिहिलं. सासूबाईंनी पेन घेतलं आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर काढत पहिल्याच नावाची सही केली. चाळीस वर्षांनी.

मग माझ्याकडे वळून मला माझ्या नावाने हाक मारली. "कणीक वाळून राहिली वं तिकडं."

मी ओ दिली.