येळवसेला हरवलेली मुक्ता

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. सोलापूरच्या फ्लॅटमध्ये आंबिलीत लसूण ठेचून घातला आणि त्या वासानं मला अक्कलकोटकडच्या आमच्या शेतात नेलं.

येळवसेला अख्खा गाव रानात जेवतो. लेकीला हे कळावं म्हणून लहानग्या मुक्ताला मी हट्टानं नेलं होतं. जेवणं चालू असतानाच ती दिसेनाशी झाली. भोवती डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, पलीकडे कठडा नसलेली विहीर. मी हाका मारत ज्वारीत घुसले. पानांनी हात चिरले, घसा बसला. विहिरीपाशी पोचले, पण आत बघायचं धाडस होईना.

आसपासच्या शेतांतली माणसं ताटावरून उठून धावली. एका अनोळखी बाईनं मला मागं ओढलं. “तू हितं बस. मी बगते की,” म्हणत तीच पाण्यावर वाकली.

तेवढ्यात लांबच्या शेतातल्या कडब्याच्या कोपीतून हाक आली, “पोरगी हितं हाय. जेवतीया.”

मुक्ताला कवटाळून मी ठरवलं, पुन्हा हिला रानात आणायचं नाही. आणलंही नाही.

आता ती दूरच्या शहरात एकटी राहते. सकाळपासून फोन लावतेय, ती उचलत नाही. कुणाला बघायला सांगू? शेजारी कोण राहतं, हे तिलाही ठाऊक नाही.