अर्ध्या तासाच्या आतलं रान

हृदयाचं ऑपरेशन पुण्यात झालं, चांगलं झालं, आणि डॉक्टर म्हणाले, "आता रोज चाला. चालणं हेच औषध." माझे यजमान चालू लागले. पलंगापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पलंगापर्यंत. असे चार महिने गेले.

हा माणूस आयुष्यभर मोजणी खात्यात होता. गंगापूर, वैजापूर, सिल्लोड, कुठल्या तालुक्यातलं शिवार त्यांनी साखळी टाकून तुडवलं नाही ते विचारावं. उन्हातान्हात बांधावरची भांडणं सोडवत दिवसभर चालायचे, घरी येऊन जेवायचे आणि जेवून पुन्हा पान खायला कोपऱ्यापर्यंत जायचे. असा माणूस फाटकाला धरून रस्त्याकडं बघत उभा राहिलेला दिसला की मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते. हा माझा जन्माचा स्वभाव. मग स्वयंपाकघरात भांडी वाजायची.

खरं तर भीती सुरुवातीला नव्हती. ती कॉलनीच्या मैदानावर लागली. पहिला आठवडा हे सकाळी तिथं जात होते. मैदानाला एक फेरी मारायची म्हणजे सात जणांना तब्येत सांगायची. एकानं लसूण खायला सांगितला, दुसऱ्यानं लसूण बंद करायला सांगितला. तिसऱ्यानं आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. तोही असाच ऑपरेशन करून आलेला, असाच सकाळी फिरायला निघालेला, आणि बोलता बोलता गेलेला. एवढं सांगून ते गृहस्थ "चला, येतो" म्हणत पुढं निघाले. हे घरी आले ते घरातच राहिले. त्या गृहस्थांना मी अजूनही नमस्कार करत नाही.

मी ठरवलं, यांना माणसं नसलेली जागा शोधून द्यायची. हे तयार झाले, पण एक अट घातली. "दवाखान्यापासून अर्ध्या तासापेक्षा लांब मी येणार नाही." म्हणजे जागा अशी हवी की जिथं चिटपाखरू फिरकत नाही, आणि तरी अर्ध्या तासात डॉक्टरांच्या दारात उभं राहता येतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असला तो मामला.

मी शाळेत भूगोल शिकवायची. नकाशात बघितलं तर औरंगाबादच्या तीन बाजूंनी डोंगरच डोंगर. नकाशात माणसं दाखवत नाहीत, एवढंच. दर रविवारी भाजीच्या निमित्तानं मी स्कूटर काढायची आणि कुठल्या तरी डोंगराच्या पायथ्याला जायची. लेण्यांकडं शाळांच्या सहली. देवळाकडं नवस फेडणाऱ्यांच्या जीपा. एका टेकडीमागची जागा मनात भरली, पण तिथं चारजण पत्ते आणि बाटल्या मांडून बसलेले. मला बघून त्यांनीच विचारलं, "मॅडम, रस्ता चुकला का?"

शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या डोंगराकडं एका माणसाला मी विचारलं, "इकडं कुणी येत नाही ना?" त्याचा चेहरा खुलला. "आत्ता नाय येत, पण पाच वर्षांनी बघा!" असं म्हणत त्यानं चुन्याच्या रेघा दाखवल्या आणि कॉर्नरचा प्लॉट गळ्यात मारायला लागला. प्लॉट नको, नुसती शांतता हवी म्हटल्यावर तो माझ्याकडं संशयानं बघू लागला. खुलताबादच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला तोच प्रश्न केला. त्यानं मला बांधावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाला, "घरला जावा बाई. भांडण कुणाच्या घरात नाय होत? मालक वाट बघत आसतील." मी एवढी संतापले की पाणी तसंच ठेवून उठले. अर्ध्या रस्त्यात मात्र हसू फुटलं, कारण मालक खरोखरच फाटकात वाट बघत असणार होते.

सहाव्या की सातव्या रविवारी जागा सापडली. जटवाड्याच्या पुढं डांबरी सोडली की एक गाडीवाट ओढ्याच्या कडेनं जात होती. सपाट, दोन्ही बाजूंना तरवड आणि सीताफळाची झुडपं, आणि अर्ध्याएक मैलावर एक थोरला लिंब. तासभर बसले. एक लांडोर सोडली तर कुणी आलं नाही. मग मी स्कूटर काढली आणि घड्याळाकडं बघत थेट दवाखान्याच्या दारात जाऊन थांबले. तेवीस मिनिटं. वॉचमननं विचारलं, "पेशंट कुठंय?" म्हटलं, "घरी आहे, बरा आहे."

असं आमचं चालणं सुरू झालं. रविवारी सकाळी मी स्कूटर चालवायची, हे मागं बसायचे. गाडी वाटेच्या तोंडाशी लावून लिंबापर्यंत चालायचं, सतरंजी टाकायची, भाकरी आणि ठेचा खायचा, परत फिरायचं. माझ्या पिशवीत पाणी, साखर, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा नंबर. तेव्हा खिशात फोन नव्हते, त्यामुळं नंबराचा तिथं काय उपयोग होता, देव जाणे. मी सारखी विचारायची, "दम लागतोय का? छातीत काही?" हे मान हलवायचे. दोन महिने झाले तरी लिंबाच्या पुढं यांनी एक पाऊल टाकलं नाही. मला वाटलं, फाटक नुसतं घरापासून इथं सरकलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही लिंबाखाली बसलो असताना एक धनगरीण मेंढरं घेऊन आली. मेंढरांच्या पायांना ओला चिखल होता. इतक्या कोरड्या रानात चिखल बघून यांच्यातला मोजणीदार जागा झाला.

"पाणी कुठं हाय गं बाई?"

"तळं हाय की, दादा. दुष्काळात बांधलेलं. हे काय, टेकाडाच्या पल्याड."

"लांब हाय का?"

"लांब कशाचं! इथंच हाय."

आता पुढची चूक आमच्यासारख्यांनी तरी करायला नको होती. सिल्लोडकडं माझ्या माहेरी कुणी वाट विचारली की "इथंच हाय" असंच सांगायचं असतं. लांब आहे म्हटलं की पाहुण्याचं मन खचतं, आणि खचलेल्या माणसाला अंतर दुप्पट होतं, असं माझी आई म्हणायची. मी स्वतः लहानपणी कितीजणांना "इथंच हाय की" म्हणून दोन-दोन कोसांवर पाठवलंय. आणि यांनी तर अंतराच्या बाबतीत साखळीशिवाय सख्ख्या भावावरही विश्वास ठेवला नव्हता. तरी आम्ही दोघं सतरंजी झटकून उठलो.

टेकाडाच्या पल्याड तळं नव्हतं, दुसरं टेकाड होतं. मी म्हटलं, "अहो, फिरा मागं." हे म्हणाले, "आता आलोच आहे तर बघू." गवताची कुसळं माझ्या लुगड्याला चिकटत होती, पायाखाली सुटे दगड सरकत होते, आणि हे माझ्या पुढं दहा पावलं चालत होते. मी मागून त्यांच्या पाठीकडं बघत होते. पाठ वरखाली होते आहे का, किती होते आहे, एवढंच माझं लक्ष. आजूबाजूला काय होतं ते मला आज विचाराल तर सांगता येणार नाही.

दुसऱ्या टेकाडावरून तळं दिसलं. लहानसं, मातीच्या बांधामागं साठलेलं, काठावर दोन टिटव्या. माणूस नाही, गाडीचा आवाज नाही. यांनी डोळ्यांवर हात धरून बांधाची लांबी अंदाजली आणि माझ्याकडं वळून हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी त्या हसण्याकडं बघत उतरले, दगडावर पाय पडला, आणि घोटा असा मुरगळला की मी बसलेच. पायावर भारच देता येईना.

हे शेजारी बसले. घोटा चाचपला, टॉवेल ओला करून बांधला. मग उठून म्हणाले, "मी जाऊन माणूस घेऊन येतो."

"तुम्ही? एकटे? बसा इथं. येईल कुणीतरी."

"कुणी येत नाही म्हणूनच तू ही जागा निवडलीस ना?" असं म्हणून ते निघालेसुद्धा.

टेकाडाआड त्यांची टोपी दिसेनाशी झाली तेव्हा मी पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला. गोळ्या हाताला लागल्या. मी बोंब मारली. दोनदा, तीनदा. टिटव्या उडाल्या, बाकी काही नाही. मग बसल्या जागी मी सगळं केलं. देवाला बोलले, त्या धनगरिणीला शिव्या घातल्या, मैदानावरच्या गृहस्थांच्या मेव्हण्याला तर नाही नाही ते बोलले. बसूनच सरकत टेकाडाकडं दहा-बारा हात गेले आणि रडत थांबले. मला दिसत होतं ते एकच. ते वाटेत कुठंतरी पडलेत, आणि तेवीस मिनिटांवर दवाखाना आहे. मीच त्यांना घराबाहेर काढलं होतं. माझ्या हट्टापायी.

सावली पायापासून गुडघ्यापर्यंत सरकली तेव्हा आवाज आला. आधी घोड्याचं खिंकाळणं, मग यांचं बोलणं. धनगरिणीचा नवरा सामान लादायचं तट्टू घेऊन पुढं, आणि हे त्याच्याशी त्याच्या शेताच्या हद्दीबद्दल वाद घालत मागं. घामानं डबडबलेले, तोंड लाल झालेलं, आणि धडधाकट. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यावर खेकसलेच.

"गोळ्या माझ्यापाशी राहिल्या होत्या! कळतं का काही?"

"लिंबापाशी आठवलं ते," हे म्हणाले. "मग म्हटलं, मागं फिरलो तरी तेवढंच चालावं लागणार. मग पुढंच गेलो."

पंचावन्न वर्षांच्या भूगोलाच्या बाईंना तट्टावर बसवताना त्या धनगराला आणि यांना मिळून तीन प्रयत्न लागले. वाटेत धनगर म्हणाला, "बाई, आमच्या हिनं इथंच म्हणून सांगितलं व्हय? तिला सारंच इथंच वाटतं." स्कूटर यांनीच चालवली. मी मागं बसले होते, घोटा ठणकत होता, आणि जणू लग्नानंतर पहिल्यांदाच मागं बसले असावे, इतकी खूश होते.

पुढं तीन आठवडे मी पाय उशीवर ठेवून पडून होते. हे चहा करायचे, बरा करायचे. रविवारी एकटेच तळ्यावर जाऊन यायचे. मी घड्याळाकडं बघत पडून असायची. चौथ्या रविवारच्या आधी यांनी माळ्यावरून ताडपत्री काढली आणि जाहीर केलं, की उद्या मुक्काम तळ्यावर. धनगराचा तळ बाजूच्याच शेतात आहे, सोबत आहे, काळजी नको.

"मग मीपण येते," मी म्हटलं. "पाय आता बरा आहे."

यांनी ताडपत्रीची घडी घातली. मग म्हणाले, "तू नको येऊ. रागावू नको. तू असलीस की मला सारखं वाटतं, आता काहीतरी होणार आहे."

मला ते फार लागलं. एवढं सगळं कुणासाठी केलं, हे ओठांवर आलं होतं. पण माझ्याच तोंडातलं "दम लागतोय का?" मला ऐकू यायला लागलं, दर दहा पावलांना एकदा, दोन महिने. गोळ्या त्यांच्या खिशात घातल्या, भाकऱ्या बांधून दिल्या आणि फाटक उघडून धरलं.

मला खात्री होती की रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही. जेवून अंथरुणावर जरा पाठ टेकली. जागी झाले तेव्हा ऊन खिडकीतून थेट भिंतीवर आलं होतं. दूधवाला बेल वाजवून पिशवी दाराशी टाकून गेला होता आणि मांजरानं ती फाडली होती. ऑपरेशनच्या दिवसापासून मी एकदाही सलग झोपले नव्हते, हे मला त्या सकाळी कळलं.

हे आले तेव्हा मी अजून तोंडही धुतलं नव्हतं. केस विस्कटलेले, दारात सांडलेलं दूध. ते घाबरले. ताडपत्री खाली टाकून माझ्या कपाळाला हात लावत म्हणाले, "काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे," मी म्हटलं. "लई बरं आहे."