वरच्या बांधावरची राख

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कामं नेमून देणारी, वेळेवर उठणारी, सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवणारी बाई म्हणून घरात माझं नाव आहे. म्हणूनच कुणी कधी विचारलं नसेल — आणि मी तरी कशाला सांगते?

बाभुळगावजवळ माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं, सुनंदाचं, वावर लागून. तिचं वर, उत्तरेला, माझं खाली. लागोपाठच्या हंगामांत अळीनं कापूस खाल्ला, तेव्हा आम्ही दोघींनी हट्टानं एकेका तुकड्यात ग्लॅडिओलसचे कंद लावले. सासूबाईंनी विचारलं, फुलं रांधून खाता काय वो? माघ लागला आणि पात्यांसारख्या पानांतून दांडे वर आले. कोवळे, पाणीदार. त्याच आठवड्यात थंडी पडली.

थंडीवर आमच्याकडे इलाज एकच — पहाटे तिच्या वावराच्या वरच्या बांधावर कापसाच्या ओलसर पऱ्हाट्या पेटवायच्या. वारा उत्तरेचा, धूर आधी तिच्या फुलांवर पसरतो, मग माझ्या. धुराखाली दव गोठत नाही. सुनंदा तेव्हा बाळंतीण होती. मीच तिला म्हटलं होतं, तू उठू नकोस, दोन्हीकडचं मी पाहते.

त्या पहाटे पऱ्हाट्या कमी निघाल्या. वर पेटवल्या तर धूर माझ्यापर्यंत पोचेल का? — एवढंच मनात आलं, आणि मी भारा उचलून दोन वावरांमधल्या बांधावर आणला. घाबरले होते म्हणू? नव्हते. नेहमीच्या कामासारखं, शांतपणे केलं. सगळा धूर माझ्या फुलांवर गेला. तिच्या दांड्यांवर दव पांढरं होत गेलं. मी बसून पाहिलं.

पण सांगायचं ते याच्याही पुढचं आहे. उजाडायच्या आत मी राख घमेल्यात भरली, वरच्या बांधावर नेऊन ओतली, मधली जागा मातीनं झाकली. घरी येऊन म्हटलं — वारा फिरला.

तिचे दांडे काळे पडले. ती खाटेवर उठून बसली, लेकीला पदराखाली घेतलं आणि मलाच समजावू लागली.

"बाई, तुम्ही कायले रडता? माह्या फुलांसाठी एवढ्या थंडीत बसल्या. वाऱ्याले कोन काय करन?"

मी रडत होते, हे खरं. का, ते तिनं तिच्या मनानं ठरवलं — आणि मी ते तसंच राहू दिलं.

माझी फुलं यवतमाळच्या बाजारात गेली. जुड्या बांधायला सुनंदाच आली होती. पुन्हा फुलं लावायचं तिच्या घरी कुणी ऐकलं नाही. पुढच्या हंगामात तिच्या वावरात परत कापूस.

आजही पाहुण्यांसमोर ती सांगते, माझ्या जावेनं माझ्या पिकासाठी थंडीत रात्र जागून काढली. लेकीला तर लहानपणापासून हेच सांगत आली. ती लेक परवा नोकरीला लागली. आईनं सांगितलं म्हणून सगळ्यांच्या आधी माझ्या पाया पडायला आली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.