कानात बोटे घालून नाटक पाहणारा माणूस

वासुदेव मास्तरांना एका नाटक कंपनीच्या मालकाने फसवले. त्यांची बुद्धी वापरली आणि नाव गिळले. हे आधीच लिहितो, नाहीतर गोड आठवणींत बुडून जाईल.

महिन्यापूर्वी आलापल्लीला सागवान पाहत होतो, तेव्हा फोन आला… मास्तर गेले. समोरच्या लाकडाचा भावही न करता गावी, पोंभुर्ण्याला परतलो. माझ्याकडून असे होत नाही.

ते शाळेतून निवृत्त झालेले. मी मोहफुले विकता विकता लाकडाचा व्यापारी झालेला. आम्हाला जोडले आमच्या भागात थंडीत रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांनी. रडण्याचा प्रसंग आला, पेटीने सूर धरला, सगळा मंडप डोळे पुसू लागला, की मास्तर कानांत बोटे घालून रंगमंचाकडे पाहत बसत. लोक हसत. एकदा सकाळी माझ्या दुकानाच्या बाकावर चहा पिताना मी चिडलोच. "मास्तर, खोटच काढायची तर नाटकाले येता काऊन?"

"तू खोट काढतं भाव पाडाले. मी काढतो माल समजाले," ते म्हणाले. "काल तुले रडू आलं ना? मंग सांग, प्रसंगानं आणलं का पेटीनं?"

मग दर थंडीत त्यांनी मला पिळून काढले. आधी नाटकात काय घडले ते आपले मत न घालता सांगायचे, मग कुठे हललो ते, मग का. नुसते 'आवडलं' म्हटले की चहा थांबवत.

एका नाटकात बहिणीला हाकलणारा भाऊ शेवटी एकदम सुधारतो. मास्तर माझ्यासमोर त्या कंपनीच्या मालकाला म्हणाले, "तो बदलला, पण काऊन बदलला ते दिसत नाई. पयल्या अंकात तिचा फराळाचा डबा त्यानं परत धाडला. तोच डबा शेवटी त्याच्या हाती येऊ द्या."

"पब्लिक रडते ना मास्तर? बस झालं," मालक हसला.

पुढच्या थंडीत शेवटच्या, तिसऱ्या अंकात तो डबा आला. नाटक गावोगाव गाजले. जाहिरातीत श्रेय मालकाचे. मी भांडायला निघालो, तर मास्तरांनी माझा हात धरला. "डबा बरोबर जागी आला ना? मंग चूप बस."

तेव्हा बसलो. परवा शोकसभेत मालक म्हणाला, "मास्तरांना खोट काढायची हौस, पण माणूस निर्मळ." मागे पेटी वाजू लागली. लोक गहिवरले, माझेही डोळे भरले… आणि बोटे आपोआप कानांत गेली. आवाज गेल्यावर दिसले, मालक रुमालाआडून कोण कोण रडते ते पाहत होता.

मालक, आता पेटी थांबवा आणि सांगा, तिसऱ्या अंकात तो डबा कोणी आणला?