बिनवेसणीचा भुऱ्या

तिरोडीच्या आसपास गोऱ्ह्याची वेसण टोचायची म्हटलं की बोलावणं डोमाजीलाच. चारजण गोऱ्ह्याला आडवं पाडत, डोमाजी नाकातून दाभण आरपार काढी आणि दोरी ओवी. हात इतका सफाईदार की रक्त जेमतेम थेंबभर. तो गल्लीतून निघाला की बांधलेले बैलही अंग चोरून बाजूला सरत, आणि हा गडी मिशीला पीळ देई. जनावरंसुद्धा आपला मान राखतात, अशी त्याची समजूत.

ती समजूत त्याच्या बायकोने, लीलाबाईने, एका वाक्यात मोडून टाकली. "मान कायचा? भेतेत तुमाले."

डोमाजी ताटावरून तणतणत उठला. पण बोल मनात रुतला. सारी हयात जनावरांत गेली आणि एकही आपणहून जवळ येत नाही, याचं त्याला वाईट वाटलं, अगदी आतून वाईट वाटलं. पुढे घरच्या गाईला भुऱ्या झाला, तेव्हा त्याने ठरवलं, याला टोचायचं नाही. हाक मारायची, मूठभर कोंडा द्यायचा, मान खाजवायची. भुऱ्या वाढला, शिंगं फुटली, तरी नाक कोरंच. गावाला आयती करमणूक झाली.

"काका, बिना येसणीचा बैल म्हंजे बिना ब्रेकची गाडी," शेजारचा खेमराज म्हणे. "जीवानिशी जाईल एखांद्या दिवशी."

आणि तसंच होऊ घातलं. एकदा गावातल्या वरातीत फटाके फुटले, भुऱ्याने दावं तोडलं आणि थेट रेल्वेचे रूळ गाठले. वळणापलीकडे मालगाडीचा भोंगा वाजला. खेमराज आणि आणखी दोघे-तिघे काठ्या घेऊन धावले, तसा भुऱ्या रुळांमधूनच पुढे पळत सुटला. धरायला नाकात दोरी नव्हती. आपल्या हट्टापायी लेकरू मरतंय, या विचाराने डोमाजी रुळांच्या भरावाच्या पायथ्याशी धावला.

"मांगं सरा! टाका काठ्या!" तो ओरडला. मग खाली उभा राहून रोजच्याच आवाजात म्हणाला, "भुऱ्या, ये बापा, ये."

भुऱ्याने कान टवकारले. वळला. खडी उडवत खाली उतरला आणि डोमाजीच्या छातीला नाक घासू लागला. मागून मालगाडी धडधडत निघून गेली. डोमाजी त्याच्या गळ्यात पडून रडला, आणि रडता रडताच हसू लागला.

लीलाबाई धापा टाकत पोचली. "कसा धरला जी याले?"

"धरला नाई वं," डोमाजी म्हणाला. "आला तो."