गाठी आणि खाचा

मी ते खोटं बोललो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आणि ज्यांच्याबद्दल बोललो ते तिथं नव्हते.

शिरूरला एक मालक होते. जत्रांमधून पाळणे आणि खेळांचे तंबू लावायचे. त्यांच्याकडं एक पिनबॉलचं मशिन होतं, मुंबईच्या बंदरातल्या भंगारातून आणलेलं. काचेखाली उतरता पाट, त्यावर स्टीलची गोळी. बाजूची बटणं दाबली की खालचे दोन दांडे गोळीला परत वर टोलवायचे. गोळी धडकेल तिथं दिवा लागायचा, घंटा वाजायची, आणि मागच्या उभ्या पेटीत आकड्यांची चाकं खटाखट फिरायची. लोक त्याला घंटीचं मशिन म्हणत. त्यात चिप नव्हती, कार्ड नव्हतं. नुसत्या कॉइल, रिले आणि वायरी.

ते चालतं ठेवायचे आबा. राहणार कासुर्डीचे, घरी फुलांची शेती, शाळा चौथीपर्यंत, वायरिंग बघून बघून शिकलेलं. एकदा उंदरांनी पाट आणि पेटी यांच्यामधल्या सगळ्या वायरी कुरतडल्या. आबांनी त्या नव्यानं ओढल्या आणि मशिन पुढं कित्येक जत्रा चाललं. आबांना लाल आणि हिरवा रंग एकसारखाच दिसायचा. सगळ्यांना ते माहीत होतं.

"आबा, पुण्यात सिग्नलला काय करता वो?" कुणी तरी विचारायचंच.

"फुडचा थांबला का थांबतो, आन् त्यो मेला का मरतो," आबा म्हणायचे.

मी नुकताच आयटीआय करून आलेलो. एक दिवा लागत नव्हता आणि आबा घरी शेवंतीच्या तोडणीत अडकलेले, म्हणून मालकांनी मला बोलावलं. मी पाट उचलला. खाली चाळीसएक वायरी, सगळ्या एकाच पिवळ्या रंगाच्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला हार ओवायचा पांढरा दोरा, गाठी मारमारून बांधलेला. मला हसू आलं. ब्लेडनं सगळे दोरे कापले, सोल्डरचे डाग सोडवले, म्हटलं आता टोकांना नीट प्लास्टिकच्या स्लीव्ह घालून परत जोडू. जोडायला घेतल्यावर कळलं की कुठली वायर कुठली हे मला माहीतच नाही. अंदाजानं जोडल्या. बटण दाबलं. एका कॉइलमधून धूर निघाला.

"काय झालं रं?" मालक धावत आले.

"आबांनी उलटसुलट जोडून ठेवलंय," मी म्हणालो. "त्यांना रंग कुठं दिसत्यात."

एवढंच. दोन वाक्यं. मालकांनी आबांना तसंच ऐकवलं आणि परत कधी बोलावलं नाही. मला रांजणगावात नोकरी लागली आणि मी तो विषय मनाच्या तळाशी ढकलला. तो तिथं राहिला नाही. कंपनीत पॅनल उघडलं की पहिल्यांदा मला पांढरे दोरेच आठवायचे.

गेल्या वर्षी मालक गेले. त्यांच्या मुलानं कांदे साठवायची चाळ रिकामी करायला काढली, तेव्हा मशिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. "न्या तुम्ही, जागा तरी मोकळी व्हईल," तो म्हणाला.

दर रविवारी मी त्याच्यासमोर बसू लागलो. कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरनं घासले. जळलेली कॉइल पुन्हा गुंडाळली. वायरी मात्र पाटाखाली तशाच होत्या, मी अंदाजानं जोडून पळालो होतो तशा. मग एका रविवारी मागची उभी पेटी उघडली. ती मी तेव्हा उघडलीच नव्हती. वायरींची दुसरी टोकं तिथं होती, आणि तिथले दोरे शाबूत होते.

पहिल्यांदाच मी त्या गाठी नीट पाहिल्या. काही मोठ्या, काही बारीक. एका वायरीला दोन मोठ्या आणि तीन बारीक, शेजारच्या वायरीला दोन मोठ्या आणि चार. मोठी गाठ दहाची, बारीक एकाची. तेवीस. चोवीस. पंचवीस.

आमच्या कंपनीत प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आकड्याची प्लास्टिकची कडी असते. ती नसेल तर मी माणसांना झापतो. आणि ज्या आकड्यांच्या कड्या मी ब्लेडनं कापून केरात टाकल्या होत्या, त्या एका माणसानं दोऱ्यानं बांधल्या होत्या.

मीटर लावून पाटाकडचं टोक ओळखता येत होतं, पण तेविसावी वायर पाटावर जायची कुठं? नकाशा नव्हता. पाटाच्या खालच्या बाजूला बोटभर काजळी चढली होती. मी ओलं फडकं फिरवलं आणि एका कॉइलशेजारी लाकडावर माझं बोट अडलं. खाच. दोन खोल, तीन उथळ. पटाशीनं मारलेल्या. पुढच्या दिव्याशेजारीही. प्रत्येक स्विचशेजारी, प्रत्येक घंटेशेजारी. डोळे मिटूनसुद्धा वाचता येईल असा सगळा नकाशा लाकडात कोरलेला होता. आबांना रंगाची गरजच नव्हती. रंग लागतील असं काही त्यांनी ठेवलंच नव्हतं.

मी त्या पाटाखाली बसलो. देवळात बसतो तसा. त्या दिवशी मी फक्त पेटी उघडून एक फडकं फिरवलं असतं, तर दोन-तीन दिवसांत सगळं परत जोडता आलं असतं.

वायरी जोडायला तीन रविवार लागले. चालू केलं. गोळी सुटली, घंटा वाजली, चाकं फिरली. एकच वायर उरली होती. एकेचाळीस. त्या आकड्याची खाच पाटावर कुठंच नव्हती. तेवढं निमित्त मला पुरलं.

मशिन टेम्पोत घातलं आणि न्हावरे, चौफुला करत कासुर्डीला पोचलो. आबा ओट्यावर बसले होते. आता ऐंशीच्या घरात, जाड चष्मा. शेजारी सून झेंडूच्या माळा ओवत होती. मी कोण ते सांगितलं.

"मालकाकडं आलता त्यो आयटीआयवाला? टक्कल पडलं की रं तुला."

मशिन ओट्याला लावून प्लग घातला. घंटा वाजल्या तशी सून हातातली माळ टाकून उठली. आबांनी हात पुढं केला.

"आबा, हात नका लावू हं! मागल्यासारखं जळंल!" ती हसत म्हणाली. मग मला म्हणाली, "आमी ह्यांना बल्बबी बदलू देत न्हाई, भाऊजी."

आबाही हसले. त्यांनी हात मागं घेतला. सवयीनं घेतला. ते मला बघवलं नाही.

"वहिनी, ते मी जाळलं होतं," मी म्हणालो. आणि मग थांबलो नाही. ब्लेड, दोरे, अंदाज, धूर, मालकांना बोललेली दोन्ही वाक्यं, सगळं सुनेसमोर सांगितलं.

आबा मशिनकडं बघत होते. मला वाटलं होतं त्यांना केव्हाच कळलं असेल. कळलं नव्हतं.

"मंग माजं जोडकाम बरोबर व्हतं?"

"एकसुद्धा वायर चुकली नव्हती, आबा."

"मी म्हनायचो, एखादी गाठ मोजताना चुकली आसंल. लई मोजायचो झोपताना. एक ते चाळीस."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय ओढून घेतले. "ते ऱ्हाऊ दे. कशापायी आलास, ते बोल."

मी एकेचाळिसावी वायर त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं गाठी मोजल्या.

"ही सुटीच हाय. एक जास्तीची टाकलीती. उंदीर काय एकदाच खात्यात व्हय?"

स्पेअर. आम्हीही पॅनलमध्ये एक स्पेअर टाकतो. मला ते कोर्समध्ये शिकवलं होतं.

मी काही बोलायच्या आत सून आत गेली. बाहेर आली ती मिक्सर घेऊन, वायर तुटून लोंबणारा. तिनं तो आबांच्या पुढ्यात ठेवला, आणि शेजारी माळेच्या दोऱ्याचं रीळ.

आबांनी मिक्सर उलटा केला आणि तळावरून बोटं फिरवली. बराच वेळ. मग मान वर न करता मला म्हणाले, "सर तिकडं. उजेड अडवू नको."

मी बाजूला सरकलो.